वाडा आतून लुटायचा असेल तर: नोकरांच्या सूडाच्या चोरीकथा कशा रचल्या जातात

साल 1880 धरा. नाशिकच्या सराफ बाजाराला लागून असलेल्या आळीत एका सावकाराचा दुमजली वाडा आहे. खाली दगड, वर वीट, रस्त्याच्या बाजूला खिडक्या मोजक्या आणि दिंडी दरवाजाला आतून जाड अडसर. वाड्यात चांदीची भांडी आहेत, गहाण पडलेले दागिने आहेत, रोकड आहे. हे सगळं रोज घासणारी, पुसणारी, उचलून ठेवणारी पाच-सात माणसंही आहेत आणि त्यांच्या नावावर यातलं काही नाही. एक दिवस ही माणसं ठरवतात, की शेठजींचा हिशेब चुकता करायचा.

अशा गोष्टींचा आता एक वेगळा प्रकारच झाला आहे. आखीवरेखीव चोरीच्या कथेला वेबसिरीज बघणारे 'हाइस्ट' म्हणतात. तिच्यात काळ जुना घ्यायचा, चोरांच्या जागी घरचेच नोकर घ्यायचे आणि लोभाच्या जागी सूड ठेवायचा. इंग्रजीत या कथा बहुधा लंडनच्या हवेल्यांत घडतात. माझं मत असं, की हे बी आपल्याकडच्या वाड्यात जास्त जोमाने उगवेल. मात्र बटलरचा दिवाणजी आणि हाउसकीपरची मोलकरीण केली की काम झालं, असं समजणाऱ्याची गोष्ट पहिल्या वीस पानांत कोसळते. का कोसळते ते समजून घ्यायचं, तर आधी हे यंत्र कसं चालतं ते पाहायला हवं.

साध्या चोरीकथेत चोर बाहेरचे असतात. त्यामुळे निम्मी गोष्ट टेहळणीत जाते: पहारा कधी बदलतो, तिजोरी कुठे आहे, कुत्रं कितीला झोपतं. नोकरांच्या कथेत ही टेहळणी गोष्ट सुरू होण्याआधीच वीस वर्षं चाललेली असते. माजघराच्या कोणत्या फरशीखाली पोकळ वाजतं हे सारवणारीला ठाऊक असतं. बाईसाहेब कमरेचा किल्ल्यांचा जुडगा फक्त न्हाणीघरात जाताना काढून ठेवतात, हे पाणी तापवणारीला ठाऊक असतं.

ज्या 1818 साली पेशवाई बुडाली, त्याच साली इंग्लंडमध्ये चब नावाच्या कारागिराने एक नामी कुलूप काढलं. कोणी चुकीची किल्ली फिरवली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं, की कुणीतरी हात लावला होता. 1851 च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनात हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने ते उघडून दाखवलं आणि एकच गहजब झाला. पण हे सगळं बाहेरून येणाऱ्या चोरासाठी. ज्याच्या हातात खरी किल्ली दिवसातून चारदा येते, त्याला हॉब्जची करामत कशाला हवी?

मग या कथेत ताण कुठून येतो? आत शिरणं सोपं झालं, की अवघड होतं ते तिथेच राहणं. बाहेरचा चोर चोरी करून पळतो. नोकर पळाला तर तोच चोर ठरतो. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अंगणात सडा घालावा लागतो, मालकिणीचा आक्रोश ऐकावा लागतो आणि "अरे देवा, कसं झालं हो?" असं म्हणावं लागतं. या प्रकारातला सगळ्यात चांगला प्रसंग चोरीच्या रात्री नसतो, तो त्या सकाळी असतो. बरेच लेखक तो दोन ओळींत उरकतात आणि वाचकाचा घास हिरावतात.

आता सूड. नोकर सरळ तक्रार का करत नाहीत, याचं उत्तर कथेला द्यावंच लागतं. इंग्लंडमध्ये ते उत्तर दाखल्यात होतं. आधीच्या मालकाने चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिल्याशिवाय दुसरीकडे नोकरी मिळत नसे आणि चिठ्ठी देणं मालकावर बंधनकारक नव्हतं. उलट खोटे दाखले वापरणाऱ्यांना दंड करणारा कायदा 1792 सालीच झाला होता. मालकाने मनात आणलं, तर एका नकाराने बाईचं आयुष्य बसून जायचं.

आपल्याकडे कायद्याचा काटा वेगळ्या जागी बोचत होता. 1860 च्या दंडसंहितेत साध्या चोरीला, कलम 379 प्रमाणे, तीन वर्षांपर्यंत कैद होती. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम 381, आणि कैद सात वर्षांपर्यंत. चोरी तीच, माल तोच. चोर नोकर असला की शिक्षेची मर्यादा दुपटीहून जास्त. विश्वासघात झाला म्हणून शिक्षा मोठी, हा त्यामागचा विचार. ही तरतूद अजून आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत ती कलम 306 म्हणून आली. आणि उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला किंवा कारागिराला फौजदारीत खेचणारा 1859 चा कायदा 1925 पर्यंत टिकला. विश्वासघात मालकाने केला तर? पगार बुडवला, तर? त्याला दिवाणी दावा. म्हणजे वकील, मुद्रांक आणि तारखा. सूडाची जमीन इथे तयार होते. नोकराला न्याय माहीत नसतो असं नाही. त्याला त्या न्यायाची फी माहीत असते.

वाड्यातली माणसं जरा जवळून पाहू, कारण 'नोकर' म्हणून एकगठ्ठा गट तिथे नसतोच.

स्वयंपाकघरात आहे सोवळी काकू. केशवपन झालेली, लाल आलवणातली विधवा, शेठजींच्या लांबच्या नात्यातली. तिला पगार नाही, कारण ती 'घरातलीच'. तिचं स्त्रीधन शेठजींनी 'सांभाळायला' घेतलं, त्याला तीस वर्षं झाली. कोठीपाशी आहे एक म्हातारी कुणबीण. पेशवाईत कुणबिणी-बटकींची खरेदी-विक्री उघड चाले. ही बाई लहानपणी या घरात विकली गेली. 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामीला कोर्टाचा आधार काढून घेतला, म्हणजे कागदावर ही सदतीस वर्षं मोकळी आहे. पण जायचं कुठे? गोठ्यात आहे सिन्नरकडचा सालगडी. बापाच्या कर्जापोटी राबतो, दर पाडव्याला त्याचा करार नव्याने होतो आणि कर्ज मात्र जुनंच राहतं. ओसरीवर बसून मोडीत खातेवही लिहिणारा कारकून आहे. मागच्या बोळातून, कुणाला दिसू नये अशा वेळी येऊन शेतखाना साफ करून जाणारी बाई आहे. ती वाड्यात कामाला आहे, पण वाड्याच्या आत तिने कधी पाऊल ठेवलेलं नाही.

या पाच जणांची टोळी करायची. इथेच परदेशी साचा मोडतो. त्या साच्यात एक ठरलेला प्रसंग असतो: सगळे एका टेबलाभोवती जमतात, नकाशा पसरतात आणि म्होरक्या प्रत्येकाला काम वाटून देतो. 1880 च्या नाशिकमध्ये ही पाच माणसं एका जागी बसूच शकत नाहीत. शेतखान्याची बाई काकूच्या सावलीतही उभी राहणार नाही. काकू सालगड्याच्या हातचं पाणी घेणार नाही. कारकून म्हातारीशी मान वर करून बोलणार नाही. काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला तो 2 मार्च 1930 रोजी, म्हणजे आपल्या गोष्टीनंतर पन्नास वर्षांनी, आणि तेव्हासुद्धा दार उघडलं नाही. त्याच गावात 1880 साली पाच जातींची माणसं मिळून खलबत करताना कोणी दाखवली, तर मी पुस्तक मिटतो.

म्हणून बेत तुकड्यातुकड्यांनी फिरला पाहिजे. काकू म्हातारीला सांगेल, म्हातारी गोठ्यात शेण आणायला गेली की गड्याच्या कानावर घालेल, गडी मागच्या दाराशी बोळात शब्द टाकेल. कुणालाच पूर्ण बेत ठाऊक नाही. कुणीतरी मधे एक शब्द बदलला, तर पुढच्याला कळणार नाही. गोष्टीचा निम्मा थरार असा फुकटात मिळतो आणि तो या मातीशिवाय दुसरीकडे मिळत नाही.

याच्याच पोटात दुसरी गंमत आहे, कडवट आहे पण आहे. पहाटे ओल्या सोवळ्यात घागर घेऊन गंगेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या विधवेला कोणी हात लावत नाही. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) पोलिसाची तिची घागर तपासायची छाती होणार नाही. आणि मैल्याची टोपली घेऊन बोळातून निघालेल्या बाईच्या टोपलीत डोकावायला तर कोणीच धजणार नाही. एकीला शिवायचं नाही कारण ती पवित्र, दुसरीला शिवायचं नाही कारण ती अपवित्र ठरवलेली. वाड्याची सगळी शिस्त याच विटाळावर उभी आहे आणि वाड्याच्या बंदोबस्ताला भोकंही तिथेच आहेत. शेठजींनी भिंती जाड केल्या त्या बाहेरच्या भीतीने. बंडखोर राघोजी भांगरे यांना 1848 साली ठाण्याला फाशी झाली आणि भागोजी नाईक 1859 साली सिन्नरच्या बाजूला मारले गेले, तरी सावकारांच्या मनातली धडकी गेली नव्हती. त्या भीतीत आतल्या माणसांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

मग चोरायचं काय? नवखा लेखक इथे घाईघाईने रुपयांच्या थैल्या उचलतो. त्याने आधी तराजू काढावा. कंपनी सरकारने 1835 पासून पाडलेला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, म्हणजे 3,200 रुपये झाले की एक मण वजन भरतं. वाड्यात वीस हजार रोकड असेल, तर ती सव्वासहा मण भरते, आजच्या मापात सव्वादोनशे किलोच्या वर. ती काकूच्या घागरीतून न्यायची तर महिना लागेल. दागिने हलके असतात, पण सराफ बाजार दोन पावलांवर आहे आणि जुन्या दागिन्यावरचा घडवणाऱ्याचा हात तिथला सोनार ओळखतो. विकायचे तर नाशिक रोडला जाऊन मुंबईची गाडी धरावी लागेल. यात्रेकरूंच्या गर्दीत ते जमेलही, पण वाड्यातली पाचपैकी चार माणसं कारणाशिवाय स्टेशनवर दिसली तरी गावभर बोभाटा होईल.

खरा माल वेगळाच आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते कर्जरोखे. जिथे कागद मुकाट्याने मिळाले, तिथे बहुतेक वेळा मारहाण झाली नाही. कागद गावात आणून जाळले गेले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा केला. त्यामुळे कोर्टाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती होतं हे तपासता येऊ लागलं. पण सुरुवातीला हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. नाशिक वगळलं गेलं. म्हणजे आपल्या सिन्नरच्या सालगड्याच्या शिवारापलीकडे, नगर जिल्ह्यात, त्याच्या सोयऱ्याचं कर्ज कोर्ट तपासणार आणि याचं नाही. गोष्टीसाठी मी 1880 साल घेतलं ते याचसाठी.

कागद हलका असतो, चुलीत जळतो, आणि काकूची चूल रोज पेटते. एक खाचखळगा मात्र विसरू नये. शंभर रुपयांवरच्या जमीनगहाणाची नोंदणी सक्तीची होती, म्हणजे त्याची नक्कल सरकारदप्तरी असणार. जळून खरोखर मोकळी होतील ती लहान, साधी कर्जं. शिवाय कुठला कागद कुणाचा, हे मोडी वाचणाराच सांगणार. त्यामुळे टोळीत सगळ्यात भित्रा आणि सगळ्यात गरजेचा माणूस तो कारकून.

रात्र कोणती? पावसाळ्यात गंगेला पाणी चढलं की पंचवटीचा संबंध तुटायचा. व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आजचा अहिल्याबाई होळकर पूल, तेव्हा झालेलाच नव्हता. ते एक निमित्त होऊ शकतं. पण माझ्या मते लक्ष्मीपूजनाला तोड नाही. अमावास्या, म्हणजे काळोख. फटाक्यांचा आवाज. लक्ष्मी यावी म्हणून दार सताड उघडं. आणि वर्षभर सात कुलपांत असलेलं सगळं, दागिने, रोकड, चोपड्या, यजमान स्वतःच्या हाताने काढून एका पाटावर मांडतो. त्या पूजेत केरसुणीलाही हळदकुंकू वाहतात. ती केरसुणी वर्षभर ज्या हातात असते, त्या म्हातारीने ते दाराआडून पाहावं, एवढं पुरे. लेखकाने त्यावर भाष्य करू नये.

असला मामला आपल्याकडे नवा नाही. देवलांच्या नाटकामुळे मराठी माणसाला घरच्यासारख्या झालेल्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. जानव्याने माप घेतो, भाजलेली वीट ओढून काढावी, कच्ची कापावी, मातीला पाणी मारावं, असली शास्त्रचर्चा करत भोक पाडतो. तो चोरी करतो कशासाठी? वसंतसेनेची दासी मदनिका हिला दास्यातून सोडवायला. आणि चोरलेले दागिने निघतात वसंतसेनेचेच. म्हणजे मालकिणीचेच दागिने देऊन तिच्या दासीची सुटका करायला हा निघाला होता. हा पेच शूद्रकाने विनोदाच्या अंगाने सोडवला, पण पेच म्हणून तो अजूनही पहिल्या प्रतीचा आहे.

चोरीनंतर काय, याबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, संशय. 1880 च्या नाशिकात चोरी झाली की पोलीस आधी भिल्ल-कोळ्यांच्या वस्तीवर जाणार. उत्तरेत 1871 पासून काही जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा होता. मुंबई इलाख्यात तो 1911 नंतर आला, पण शिक्क्याची सवय आधीपासून होती. आपल्या पाच जणांचा बेत बिनबोभाट पार पडला, तर मार दुसऱ्याच कुणा गरिबाला बसणार. बऱ्याच कथा हे सोयीने विसरतात. माझ्या लेखी तिथे लेखकाचा कस लागतो.

दुसरी, पुरावा. 1897 साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी जलपाईगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खुनाच्या खटल्यात एक ठसा पुढे आला, बंगाली पंचांगावरचा. तो होता त्याच्याच जुन्या नोकराचा. हा कांगाली चरण आधी त्याच मालकाच्या फिर्यादीवरून चोरीसाठी तुरुंगात जाऊन आला होता. खुनातून तो सुटला. चोरीसाठी शिक्षा झाली. ठशांवरून शिक्षा होण्याच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक, आणि त्यात आरोपी घरगडी असावा, हा योगायोग मला तरी साधा वाटत नाही. कथा 1898 च्या पुढे नेणाऱ्याने पानापानावर बोटं सांभाळावीत. 1880 मध्ये ती चिंता नाही.

जाता जाता, चोरी कशाला म्हणायचं याची चर्चा कथेत हवीच असेल, तर त्र्यंबकेश्वराच्या हिऱ्याकडे पाहावं. 'नासक डायमंड' म्हणून जगभर ओळखला जाणारा हा हिरा 1818 मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती लागला, युद्धातली लूट म्हणून लंडनला गेला आणि 1831 साली लिलावात 7,200 पौंडांना विकला गेला. त्यात कुणावर कलम लागलं नाही. लेखकाने हा हिरा गोष्टीत आणलाच पाहिजे असं नाही, पण शेठजी ओसरीवर बसून नोकरांच्या बेइमानीवर बोलतात, तेव्हा एखाद्या पाहुण्याने त्याची आठवण काढायला हरकत नाही.

काळाचा तपशील हवा असेल, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड 1883 सालचा आहे, म्हणजे आपल्या गोष्टीचा समवयस्क. सावकारी, मजुरी, बाजारभाव, घरं, सगळं त्यात येतं. इंग्रज अधिकाऱ्याच्या चष्म्यातून लिहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

आता शेवटचा पेच, ज्यासाठी ही पाच माणसं मी निवडली. रात्रीचे दोन वाजलेत. चूल पेटली आहे. कारकून एकेक रोखा मोडीतून वाचतोय आणि सालगडी तो चुलीत सारतोय. काकूचे दागिने पेटाऱ्यात नाहीतच. ते शेठजींनी केव्हाच मोडले आणि तो पैसा व्याजाने लावला. कुणाला? खातेवही सांगते: सिन्नरकडच्या एका कुणब्याला, म्हणजे सालगड्याच्या बापाला. त्याच्या कर्जाचा कागद म्हणजेच काकूच्या स्त्रीधनाचा उरलेला एकुलता पुरावा. आपलीच वस्तू समजून, मनात खोट नसताना घेतली तर ती चोरी नव्हे, असं दंडसंहितेच्या कलम 378 खालचं एक उदाहरण सांगतं. पण इथे एकच कागद दोघांचा आहे. तो जाळला तर गडी सुटतो आणि काकू कायमची उघडी पडते. ठेवला तर उलट. शेठजी वर माडीवर घोरत आहेत आणि त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

बहुतेक लेखक इथे काकूला उदार करतील. मी करणार नाही. मी तिला आधी कारकुनाकडून ती ओळ पुन्हा वाचून घ्यायला लावीन, मोठ्याने, रकमेसकट, सालगड्याला ऐकू जाईल अशी.